बिघाड कोणाला, किती आणि कसा सांगावा?
शासकीय संगणकीय सेवांतील त्रुटी-पृष्ठांची व्यवस्था

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. तोपर्यंत कळमनुरी तालुक्यातील आखाडा बाळापूरच्या रहिवाशाला जिल्हा कचेरीतील कामासाठी परभणी गाठावी लागे. जिल्ह्याचे विभाजन झाले आणि हे अंतर कमी झाले. त्यानंतरच्या काळात दाखले, उतारे, प्रवेश, शिष्यवृत्ती अशी अनेक कामे संगणकावर आली आणि शासनाची खिडकी गावातील सेवा केंद्रात उघडली. नांदेड-हिंगोली मार्गावरील या गावात आजूबाजूच्या खेड्यांतील माणसेही कामानिमित्त येतात. दिवसाची मजुरी बुडवून, कागदपत्रांची पिशवी घेऊन आलेल्या माणसाला अर्ज भरताभरता पडद्यावर इंग्रजी अक्षरांची अनाकलनीय रांग दिसली, तर त्याच्यापुरती ती खिडकी बंद झालेली असते. केंद्रचालक म्हणतो, ‘एरर आला, उद्या या.’ अर्ज नोंदला गेला की नाही, भरलेले शुल्क जमा झाले की नाही, उद्या नेमके काय करायचे, यांपैकी कशाचेही उत्तर त्याला मिळत नाही.

यंत्र आहे तेथे बिघाड आहे. बिघाड पूर्णपणे टाळता येत नाही. परंतु तो झाल्यावर नागरिकाला काय दिसावे आणि तंत्रज्ञाला काय कळावे, हे आधी ठरविता येते. या ठरविण्यालाच संगणकाच्या परिभाषेत त्रुटी-पृष्ठांची मांडणी म्हणतात. वरवर पाहता ही बाब केवळ तंत्रज्ञांची वाटते. प्रत्यक्षात तिचा संबंध नागरिकाच्या हक्काशी आणि त्याच्या खाजगी माहितीच्या सुरक्षिततेशी आहे. म्हणून प्रशासनातील अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनी ती समजून घेणे अगत्याचे आहे.

आकड्यांची भाषा

नागरिक संकेतस्थळावर एखादी कळ दाबतो, तेव्हा त्याच्या यंत्राकडून दूरच्या सर्व्हरकडे एक मागणी जाते. सर्व्हर उत्तरासोबत तीन अंकी संकेत पाठवितो. दोनशेच्या घरातील संकेत म्हणजे काम झाले. तीनशेच्या घरातील संकेत म्हणजे हवी असलेली वस्तू दुसऱ्या पत्त्यावर आहे. चारशेच्या घरातील संकेत मागणीतील दोष दाखवितो : ४०४ म्हणजे मागितलेले पान येथे नाही, ४०३ म्हणजे ते पाहण्याची परवानगी नाही, ४२९ म्हणजे थोड्या वेळात फार मागण्या आल्या. पाचशेच्या घरातील संकेत सर्व्हरच्या बाजूचा दोष मान्य करतो : ५०० म्हणजे आत काही बिघडले, ५०३ म्हणजे सेवा तूर्त उपलब्ध नाही.

हा भेद प्रशासनाच्या दृष्टीने मोलाचा आहे. चारशेच्या घरातील दोषात मागणी दुरुस्त करून पुन्हा प्रयत्न करता येतो. पाचशेच्या घरातील दोषात अर्जदाराची काहीही चूक नसते. त्याने कागद बदलून किंवा नाव वेगळ्या रीतीने लिहून काहीही साधत नाही. असे असता पडद्यावर सरसकट ‘चुकीची माहिती भरली’ असे वाक्य आले, तर सर्व्हरचा दोष अर्जदाराच्या माथी मारला जातो आणि तो विनाकारण कागदपत्रे बदलत बसतो.

एकच बिघाड, दोन वाचक

कोणतीही संगणकीय सेवा किमान दोन अवस्थांतून जाते. पहिली रचनेची अवस्था. या अवस्थेत आज्ञावली लिहिणारा तंत्रज्ञ आपल्या यंत्रावर काम करीत असतो. दुसरी प्रत्यक्ष वापराची अवस्था. येथे लोक त्या सेवेवर अवलंबून असतात. या दोहोंच्या मध्ये चाचणीची अवस्था असणे इष्ट असते.

रचनेच्या अवस्थेत बिघाड झाला की तंत्रज्ञाला सर्व तपशील हवा असतो : कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीवर काम अडले, त्या क्षणी कोणती मूल्ये हाताशी होती, डेटाबेसला कोणता प्रश्न विचारला गेला. हा तपशील पडद्यावर आला की दोष शोधण्याचे काम सोपे होते. यासाठी ‘डिबग’ नावाची सोय असते आणि रचनेच्या काळात ती चालू ठेवणे योग्यच आहे.

हीच सोय प्रत्यक्ष वापरात चालू राहिली, तर तो सारा तपशील कोणाही अनोळखी माणसाच्या पडद्यावर जातो. डेटाबेसचे नाव, सारण्यांची नावे, सर्व्हरवरील फाइलींचे मार्ग, वापरातील सामग्रीची आवृत्ती, क्वचित पासवर्डसुद्धा त्यात असू शकतो. प्रामाणिक अर्जदाराला त्यातून काहीच कळत नाही, पण घुसखोराला पुष्कळ कळते. बँकेच्या तिजोरीचे कुलूप बिघडले म्हणून कुलपाचा नकाशा दारावर चिकटवावा, तसा हा प्रकार होतो.

इस्पितळात डॉक्टर केसपेपरवर रोगाचा सविस्तर तपशील लिहितात आणि नातेवाइकांना मात्र समजेल अशा शब्दांत प्रकृती कशी आहे, पुढे काय करायचे, ते सांगतात. दोन्ही सत्यच असते; वाचक वेगळे असतात. संगणकीय सेवेतही हेच तत्त्व लागू पडते. पूर्ण तपशील सर्व्हरवरील नोंदवहीत जावा आणि नागरिकाला साधी, खरी आणि उपयोगी सूचना दिसावी.

ही व्यवस्था कशी करतात?

वेगवेगळ्या साधनांत या व्यवस्थेची नावे निराळी असली तरी कल्पना एकच आहे. पीएचपी या भाषेत ‘डिस्प्ले एरर्स’ आणि ‘लॉग एरर्स’ अशी दोन वेगळी बटणे आहेत. तिच्याबरोबर मांडणीच्या दोन नमुना फाइली येतात. रचनेसाठीच्या नमुन्यात त्रुटी पडद्यावर दाखविणे चालू असते. प्रत्यक्ष वापरासाठीच्या नमुन्यात ते बंद आणि नोंदवहीत लिहिणे चालू असते. मात्र यांपैकी कोणतीही फाइल वापरली नाही, तर पीएचपी मुळातच त्रुटी पडद्यावर दाखविते, हे ध्यानात ठेवावयास हवे.

जँगो या चौकटीत नवा प्रकल्प सुरू केला की ‘डिबग’ चालू असलेली फाइल तयार होते. सेवा लोकांसाठी खुली करण्यापूर्वी ते बंद करणे ही रचनाकाराची जबाबदारी असते. ते बंद केल्यावर नागरिकाला साधे पान दिसते आणि, टपालाची मांडणी केलेली असल्यास, बिघाडाचा सविस्तर वृत्तान्त ठरवून दिलेल्या व्यवस्थापकांना ई-मेलने जातो. सेवा खुली करण्यापूर्वी मांडणी तपासून अशा उणिवांची यादी देणारी एक आज्ञाही या चौकटीत आहे. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या एएसपी डॉट नेट पद्धतीत तीन पर्याय असतात : सविस्तर त्रुटी सर्वांना दाखवाव्यात, कोणालाही दाखवू नयेत, किंवा फक्त सर्व्हरवर बसलेल्यालाच दाखवाव्यात. काहीही न ठरविल्यास तिसरा पर्याय लागू होतो. लॅरावेलमध्ये हेच काम परिसराच्या फाइलीतील एका ओळीवर अवलंबून असते.

याखेरीज अपाची आणि एन्जिन-एक्स यांसारख्या सर्व्हर-सामग्रीतही कोणत्या संकेताला कोणते पान दाखवावे, हे नेमून देता येते. हा दुसरा थर आवश्यक असतो. कारण आतील आज्ञावली पूर्णपणे कोसळली, तर तिने तयार केलेले सुंदर त्रुटी-पृष्ठ दाखविण्यास तीच शिल्लक नसते. त्याच कारणाने त्रुटी-पृष्ठ डेटाबेसवर अवलंबून नसावे. डेटाबेस बंद पडल्याची सूचना देणाऱ्या पानालाच डेटाबेस लागत असेल, तर ते पानही पडते. चित्रांचा भार नसलेले, आधीच लिहून ठेवलेले साधे पान येथे उत्तम. मंद जोडणीच्या मोबाइलवरही ते उघडते.

डिबग चालू राहिल्याची किंमत

ही भीती काल्पनिक नाही. कलावंतांना चाहत्यांकडून आर्थिक साहाय्य मिळवून देणाऱ्या पॅट्रिऑन या अमेरिकी संकेतस्थळावर २०१५ साली घुसखोरी झाली. संकेतस्थळाची डिबग चालू असलेली एक आवृत्ती बाहेरच्या जगाला दिसत होती आणि त्या रचनेच्या सर्व्हरवर खऱ्या डेटाबेसची प्रतही ठेवलेली होती. सुमारे २३ लाख ई-मेल पत्ते आणि इतर माहिती त्यातून उघडी पडली. येथे दोन धडे मिळतात. रचनेचा सर्व्हर लोकांसाठी नाही म्हणून सुरक्षित आहे, असे मानू नये. आणि चाचणीसाठी नागरिकांची खरी माहिती वापरू नये.

दुसरे उदाहरण २०२१ च्या आरंभीचे. लॅरावेलमधील त्रुटी-पृष्ठ दाखविणाऱ्या ‘इग्निशन’ या साधनातच एक दोष आढळला. ज्या संकेतस्थळांवर डिबग चालू होते, तेथे परका माणूस या दोषाचा उपयोग करून सर्व्हरवर स्वतःच्या आज्ञा चालवू शकत होता. म्हणजे त्रुटी सांगणारे पानच चोरवाट ठरले. संगणकीय सुरक्षेच्या क्षेत्रात आधारभूत मानल्या जाणाऱ्या ‘ओवास्प’ संस्थेच्या २०२१ च्या दहा प्रमुख धोक्यांच्या यादीत सुरक्षेच्या दृष्टीने चुकीची मांडणी हा धोका पाचव्या क्रमांकावर होता. अनावश्यक तपशील देणाऱ्या त्रुटी-सूचना त्याच सदरात येतात.

शासकीय सेवांत अर्जदाराचा आधार क्रमांक, बँक खाते, जात, उत्पन्न, जमिनीचा तपशील असतो. म्हणून ही काळजी येथे दुप्पट हवी. नोंदवहीतसुद्धा आधार क्रमांक किंवा पासवर्ड उतरवून घेऊ नये. बिघाड शोधण्यास त्यांची गरज नसते.

झाकणे म्हणजे सांगणे नव्हे

तपशील लपविला की काम संपले, असा समज मात्र चुकीचा आहे. ‘काहीतरी चुकले’ एवढेच सांगणारे कोरे पान सुरक्षित असेल, पण ते नागरिकाला वाऱ्यावर सोडते. त्याहून वाईट प्रकार म्हणजे आत बिघाड झाला असताना पडद्यावर ‘अर्ज यशस्वी’ असे दाखविणे. त्रुटी गिळून टाकणाऱ्या आज्ञावलीमुळे असे घडू शकते. अर्जदार निश्चिंत मनाने घरी जातो आणि मुदत संपल्यावर त्याला कळते की अर्ज पोहोचलाच नव्हता.

या ठिकाणी कायद्याचा प्रश्न उभा राहतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळविण्याचा हक्क नागरिकाला आहे. मुदत पाळली गेली नाही तर अपिलाची तरतूद आहे आणि पुरेशा कारणाशिवाय कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. परंतु मुदतीची गणना परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून सुरू होते. जो अर्ज त्रुटी-पृष्ठावरच अडकला, त्याला क्रमांक नाही, पोच नाही आणि म्हणून मुदतही नाही. कायद्याने दिलेला हक्क अशा वेळी नागरिकाच्या हाती येतच नाही. त्याने प्रयत्न केला होता, याचा एकमेव पुरावा म्हणजे सर्व्हरवरील नोंद आणि त्याच्या हातात दिलेला संदर्भ क्रमांक.

एका प्रवेशप्रक्रियेचा अनुभव

अकरावीचे केंद्रीभूत ऑनलाइन प्रवेश पूर्वी मुंबई महानगर क्षेत्र, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा शहरी क्षेत्रांपुरते होते. २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून ती पद्धत संपूर्ण राज्याला लागू झाली. त्यामुळे हिंगोली जिल्ह्यातील विद्यार्थ्यांनाही प्रथमच संकेतस्थळावर नोंदणी करावी लागली. २१ मे २०२५ रोजी नोंदणी सुरू होताच संकेतस्थळ कोलमडले आणि पुढे नव्या वेळापत्रकानुसार २६ मेपासून नोंदणी सुरू झाली. त्याआधी १६ जुलै २०२१ रोजी दहावीचा निकाल जाहीर झाला, तेव्हाही निकालाची संकेतस्थळे कित्येक तास उघडत नव्हती.

लाखो विद्यार्थी एकाच क्षणी एका दारावर आले की गर्दी होणारच. सर्व्हरची क्षमता वाढविणे हा त्यावरील मुख्य उपाय होय. परंतु क्षमता अपुरी पडलीच, तर योग्य त्रुटी-पृष्ठ निम्मी घबराट टाळू शकते. ५०३ या संकेताबरोबर ‘पुन्हा केव्हा प्रयत्न करावा’ हे सांगण्याची सोय मूळ नियमांतच आहे. ‘गर्दीमुळे सेवा तूर्त थांबली आहे, प्रथम येणाऱ्यास प्राधान्य नाही, मुदत वाढल्यास येथेच कळविले जाईल’ अशी तीन वाक्ये, ती खरी असतील तर, पडद्यावर आली की पालक रात्रभर कळ दाबत बसत नाहीत. त्यांच्या वारंवार दाबण्यानेच सर्व्हरवरील भार आणखी वाढत असतो. मोबाइलची जोडणी मंद असलेल्या गावांत, एकाच सेवा केंद्रासमोर रांग असताना, अशा सूचनेचे मोल शहरापेक्षा अधिक आहे.

चांगल्या त्रुटी-पृष्ठाची लक्षणे

पहिले लक्षण म्हणजे ते मराठीत असावे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नुसार राज्याचा कारभार मराठीत चालतो. अर्ज मराठीत आणि बिघाडाची सूचना तेवढी इंग्रजीत, ही विसंगती होय. दुसरे, दोष कोणाच्या बाजूचा आहे, ते स्पष्ट सांगावे. तिसरे, अर्ज जतन झाला की नाही आणि शुल्क कपात झाले की नाही, यांविषयी जेवढे निश्चित असेल तेवढे सांगावे. शुल्काबाबत अनिश्चितता असेल तर ‘पुन्हा शुल्क भरू नका’ असे ठळकपणे लिहावे. चौथे, एक संदर्भ क्रमांक द्यावा. हाच क्रमांक नोंदवहीतील सविस्तर नोंदीवरही असतो. त्यामुळे नागरिकाने तो सांगितला की तंत्रज्ञाला नेमका तोच बिघाड सापडतो. पाचवे, पुढील मार्ग दाखवावा : मदतीचा दूरध्वनी, कार्यालय, किंवा प्रयत्नाची वेळ.

याबरोबर दोन तांत्रिक पथ्ये आहेत. पान बिघाडाचे असेल तर संकेतही बिघाडाचाच जावा. बाहेर ‘दिलगीर आहोत’ असे लिहून आत २०० हा यशाचा संकेत पाठविला, तर देखरेख करणाऱ्या यंत्रणेला सर्व आलबेल दिसते आणि बिघाड कोणाच्याही लक्षात येत नाही. दुसरे पथ्य प्रवेशाच्या पानाचे. ‘हे नाव आमच्याकडे नाही’ आणि ‘पासवर्ड चुकीचा आहे’ अशा दोन वेगळ्या सूचना दिल्या, तर कोणती नावे खरी आहेत हे परक्याला चाचपता येते. म्हणून ‘नाव किंवा पासवर्ड जुळत नाही’ एवढीच सूचना द्यावी.

अधिकाऱ्यांनी काय पाहावे?

संगणकीय सेवा बहुधा बाहेरच्या संस्थेकडून तयार करून घेतली जाते. तेव्हा काम स्वीकारण्यापूर्वी अधिकाऱ्याला काही साध्या परीक्षा स्वतः करता येतात. संकेतस्थळाच्या पत्त्यापुढे मनास येईल ते शब्द टाइप करून पाहावे. मराठीतील नीटनेटके ४०४ पान येते की तंत्रज्ञानाचा पसारा दिसतो, ते लगेच कळते. चाचणीच्या सर्व्हरवर डेटाबेस मुद्दाम बंद करून दाखविण्यास सांगावे. डिबग बंद असल्याचे लेखी घ्यावे. रात्री अकराला बिघाड झाला तर सूचना कोणाला जाते आणि त्याने किती वेळात काय करावयाचे, हे करारातच नमूद करावे. त्रुटी-पृष्ठांची मांडणी ही कंत्राटातील ‘किरकोळ’ बाब म्हणून शेवटच्या दिवसावर ढकलू नये.

नोंदवह्यांविषयी केंद्राचे निर्देशही आहेत. ‘सर्ट-इन’ या राष्ट्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जतन कराव्या लागतात आणि विहित प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात. ज्या सेवेत त्रुटी पडद्यावर दाखविणे बंद केले, पण नोंदवहीत लिहिणे चालू केलेच नाही, ती सेवा या कसोटीला उतरू शकत नाही. दोन्ही बटणे एकत्र विचारात घ्यावीत, ते याचसाठी.

गावपातळीवरील कर्तव्य

पंचायत सदस्य आणि शिक्षक हे गावातील पहिले मदतनीस असतात. पडद्यावर त्रुटी आली तर घाईने तीच कळ पुन्हा पुन्हा दाबू नये, विशेषतः शुल्क भरताना. दिनांक, वेळ, सेवेचे नाव, पडद्यावरील संकेत आणि संदर्भ क्रमांक वहीत लिहून घ्यावे. पडद्याचे छायाचित्र घेतल्यास आधार क्रमांक, खाते क्रमांक आणि नाव झाकूनच ते पुढे पाठवावे. त्यात तांत्रिक तपशील दिसत असेल, तर ते गावच्या व्हॉट्सॲप समूहावर न टाकता संबंधित कार्यालयाला अथवा मदत कक्षाला कळवावे. सेवा केंद्रात अशी एक ‘बिघाड वही’ ठेवली, तर मुदत हुकलेल्या अर्जदाराच्या बाजूने बोलण्यास लेखी आधार मिळतो. एकाच सेवेत वारंवार येणारा दोषही त्यातून उघड होतो. शाळेतही संगणकाच्या तासाला मुलांना ४०४ आणि ५०० यांतील फरक समजावून सांगता येईल. घरी मोबाइलवर अर्ज भरणारी तीच असतात.

संगणकीय सेवेची पारख सारे सुरळीत चालते त्या दिवशी होत नाही, ती बिघाडाच्या दिवशी होते. त्या दिवशी तंत्रज्ञाला पूर्ण सत्य कळावे, घुसखोराला काहीही कळू नये आणि आखाडा बाळापूरच्या केंद्रात उभ्या असलेल्या माणसाला आपल्या अर्जाचे काय झाले, ते स्वच्छ मराठीत कळावे. यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. मांडणीतील दोन ओळी, आधी लिहून ठेवलेले एक पान आणि ते तपासून पाहण्याची जबाबदारी घेणारा एक अधिकारी, एवढ्याने ही व्यवस्था उभी राहते.